सराफ्यातून आल्यावर ‘पॅन्टोप्राझोल’? तो निरोप चुकीचा आहे

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतोय: ‘रात्री सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) गराडू, भुट्ट्याचा कीस खाऊन आलात की पॅन्टोप्राझोल ४० घ्या, लगेच आराम. रोज घेतली तरी निर्धोक.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

पॅन्टोप्राझोल ही पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी, पण पोटात आधीच सुटलेलं आम्ल ती मारत नाही. आम्ल सोडणारे पेशींतले पंप ती बंद करते, आणि ते पंप जेवणाने जागे होतात. म्हणून ती खाण्याआधी अर्धा तास, बहुधा सकाळी उपाशीपोटी घेतात. पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. खाल्ल्यावरच्या जळजळीला अँटासिडचं पातळ औषध लवकर लागू पडतं.

‘रोज निर्धोक’ हे तर जास्त घातक. छातीतल्या जळजळीसाठी कोर्स साधारण ४ ते ८ आठवड्यांचा असतो. वर्षानुवर्षं घेतली तर शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. माझ्या आईच्या औषधांच्या डब्यात ती तीन वर्षं होती, थांबवा असं कुणी म्हटलंच नाही. पायाला मुंग्या यायला लागल्या, तपासलं तर बी-१२ तळाला. आई पक्की शाकाहारी, तेही कारण असेलच.

पण हे वाचून गोळी एकदम सोडू नका, आम्ल उसळून येतं. काहींना, विशेषतः सतत वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांना, डॉक्टर ती मुद्दाम चालू ठेवतात.

शौचाला काळं होणं, गिळताना अडकणं, वजन घटणं दिसलं तर लवकर डॉक्टर गाठा. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली तर गोळी शोधत बसू नका, थेट इस्पितळात जा.