चावी कोणाकडे होती?

पार्किंगमध्ये लावलेल्या गाडीवर नारळ पडून काच फुटली, तरी तिथे 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' ही पाटी असली की भरपाई विसरा, असं एका लेखात म्हटलंय; ते अर्धंच खरं आहे. चावी रखवालदाराकडे दिली असेल, तर करार कायदा १८७२, कलम १५१ प्रमाणे वाजवी काळजी घेणं पार्किंगवाल्यांवर बंधनकारक. अशी ओळ निष्काळजीपणा झाकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सांगितलंय. चावी तुमच्या खिशात असेल, तर मात्र चूक त्यांची होती हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या वाड्यांत पैसे घेऊन गाड्या माडाखाली लावतात. नारळ न पाडलेल्या माडाखाली लावायला सांगणं हा माझ्या मते निष्काळजीपणाच. गाडी हलवण्याआधी फुटलेली काच, पडलेला नारळ आणि वरची पेंड (नारळांचा घड) एकाच फोटोत घ्या. पावती जपा, वेळ लिहून ठेवा. सीसीटीव्ही असेल तर चित्रण राखून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी द्या, नंतर ते पुसलं जातं. मग गॅरेजचं अंदाजपत्रक जोडून पार्किंगवाल्यांना स्पीड पोस्टाने नोटीस.

ग्राहक आयोगाकडे तक्रारीला मुदत २ वर्षं. पुण्या-मुंबईच्या पर्यटकांनी हे जरूर लक्षात ठेवावं: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागता येते, त्यासाठी ओरोस (सिंधुदुर्गचं जिल्हा ठिकाण) किंवा रत्नागिरीच्या खेपा नकोत.