सुडोकूला गणित लागत नाही, अंदाजही लागत नाही

‘सुडोकू हे जपानी गणिती कोडं. गणित कच्चं असेल तर वाटेला जाऊ नका. अडलं तर अंदाजाने आकडा टाका. रोज एक सोडवा, म्हातारपणी विस्मरण होणार नाही.’ हा मेसेज आठवड्यात मला चार ग्रुपवर आला. त्यातलं दुसरं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्याच भीतीने माझ्या मावशीने पेपरातल्या त्या चौकटीकडे कधी पाहिलंच नव्हतं. दहावीला गणितात गेली होती ती.

सुडोकूत बेरीज नाही, वजाबाकी नाही. आकड्यांऐवजी नऊ वेगवेगळे आकार घेतले तरी कोडं तसंच्या तसं सुटतं. 9×9 घरांच्या मोठ्या चौकटीत आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि 3×3 घरांच्या छोट्या चौकटीत प्रत्येक चिन्ह एकदाच, बस्स. मावशीला मी पाटावर खडूने 4×4 घरं आखून दिली आणि कवडी, चिंचोका, बटण, शेंगदाणा असे प्रत्येकी चार नग दिले. काही मी मांडले, बाकीचे तिने मांडायचे. तिसऱ्या डावाला तीच मला म्हणाली, “अगं, इथे कवडी कशी येईल? खाली आहे की!” हाच सुडोकू. बेरजा लागतात त्या किलर सुडोकूत आणि काकुरोत. ती कोडी वेगळी.

अंदाजाचं म्हणाल, तर नीट रचलेल्या कोड्याला उत्तर एकच असतं. समजा एका चौकटीतल्या दोन घरांत फक्त 4 किंवा 7 बसू शकतात. कुठला कुठे, हे कळलं नसलं तरी त्या चौकटीतल्या बाकीच्या घरांतून 4 आणि 7 दोन्ही बाद. पेन्सिलीने घराच्या कोपऱ्यात बारीक आकडे लिहा, हे दिसायला लागतं. ठोकून दिलेला आकडा मात्र वीस घरं पुढे गेल्यावर अंगाशी येतो, आणि मग काय खोडायचं तेच कळत नाही.

जपानी आहे ते नाव. हे कोडं 1979 मध्ये अमेरिकेत ‘नंबर प्लेस’ म्हणून छापलं गेलं; रचनाकार म्हणून हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुविशारदाचं नाव घेतात. जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या प्रकाशनाने ते 1984 मध्ये उचललं.

विस्मरणाचं सांभाळून बोलायला हवं. ब्रिटनमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या 19,000 हून अधिक लोकांच्या पाहणीत, आकड्यांची कोडी नेमाने सोडवणाऱ्यांची स्मरणशक्ती सरस दिसली. पण ती कोड्यांमुळे सरस, की मुळात तल्लख माणसंच कोड्यांकडे वळतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. घरातलं कुणी सारखं विसरत असेल तर कोड्यांचं पुस्तक हाती देऊन थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.