टायटल पूर्ण वाजू द्या की!

स्ट्रीमिंग ॲपवर मालिका लावावी, पहिला प्रसंग संपतो, पडदा काळा होतो, टायटलच्या सुरावटीचा पहिला स्वर कानावर पडतो न पडतो तोच खाली उजव्या कोपऱ्यात ती चौकोनी पेटी उगवते. स्किप इंट्रो, म्हणजे टायटल टाळायचं बटण. कुणी मागितली होती? बरं, ती कुठे गुपचूप पडून राहील तर तेही नाही. पांढऱ्या कडेची, ठसठशीत, आणि बसते नेमकी तिथे जिथे नावं येत असतात. संकलकाचं आडनाव तिच्याखाली गेलं, संगीतकाराचं अर्धं नाव गेलं. ज्या माणसाने ही धून बांधली त्याचंच नाव झाकून त्यावर 'हे टाळा' असं लिहायचं! हे ठरवणाऱ्याला एकदाही काही वाटलं नसेल का?

मी वापरते त्यातल्या एका ॲपने तर कहर केलाय. ते विचारतसुद्धा नाही. लागोपाठ दुसरा भाग लावला की टायटल परस्पर कापून थेट प्रसंगात नेऊन सोडतं. मागे घ्यावं तर दहा सेकंदांच्या उड्या, त्यातही ते मध्येच कुठेतरी येऊन पडतं, आणि तेवढ्यात पेटी पुन्हा हजर. सगळी सेटिंग्ज पालथी घातली. पुढचा भाग आपोआप लावायचा पर्याय आहे. झलक आपोआप वाजवायचा पर्याय आहे. सबटायटलच्या अक्षरांचा रंगसुद्धा बदलता येतो. 'टायटल पूर्ण दाखवा' एवढं मात्र कुठेही नाही. म्हणजे टायटल बघायला बसणारा माणूस असू शकतो हेच यांना मान्य नाही.

आणि कौतुक कशाचं, तर वेळ वाचवल्याचं. एका बड्या स्ट्रीमिंग कंपनीने २०२२मध्ये मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की हे बटण दिवसाला १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं आणि त्यातून सगळ्या प्रेक्षकांची मिळून १९५ वर्षं वाचतात. वाचलेल्या त्या वेळेचं पुढे काय होतं? पुढचा भाग बघितला जातो. तुमच्याच ॲपवर! मग वाचवलंत कुणासाठी?

ज्याला हे लोक 'इंट्रो' म्हणून उडवून लावतात ते कसं तयार होतं ते तरी बघा. १९६३, बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप, म्हणजे कार्यक्रमांसाठी नवनवे आवाज घडवणारा विभाग, आणि 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेची धून. चाल रॉन ग्रेनरची, पण ती प्रत्यक्ष ऐकू येईल अशी घडवली डेलिया डर्बिशायर या बाईने. हाताशी सिंथेसायझर नाही. एक तार छेडायची, तो आवाज टेपवर घ्यायचा, टेपचा वेग कमी-जास्त करून त्यातून हवा तो स्वर काढायचा. ऑसिलेटर या विजेवर सूर काढणाऱ्या यंत्रातून वरचे सूर काढायचे, तेही टेपवर. मग प्रत्येक स्वराचा तुकडा लांबी मोजून कापायचा आणि एकापुढे एक चिकटवत न्यायचं. एक-एक स्वर असा! अंगावर काटा आणणारा तो आवाज ब्लेड आणि चिकटपट्टीतून आलाय. ग्रेनरला वाटत होतं की श्रेयात तिचाही वाटा असावा, पण बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव आलं २०१३मध्ये, पन्नासाव्या वर्षाच्या खास भागात. तोवर ती या जगात राहिली नव्हती. एका नावाला पडद्यावर यायला पन्नास वर्षं लागतात, आणि ते पुसायला तुमचा एक अंगठा पुरतो.

'मिशन: इम्पॉसिबल' या जुन्या मालिकेच्या टायटलमधली वात आठवा. काडी पेटते, वात सरसरत जाते, आणि तिच्यामागे झरझर दिसतात ती दृश्यं त्याच दिवशीच्या भागातली. काय बघायला मिळणार याची झलक टायटलमध्येच, तीही इतक्या वेगात की हाती काहीच लागू नये! संगीतकार लालो शिफ्रिनचा ठेका मांडीवर हात ठेवून मोजून बघा: तीन, तीन, दोन, दोन. सरळ चालीची सवय असलेल्या कानाला तो सतत पुढे ओढत राहतो, स्वस्थ बसूच देत नाही. गोष्ट अजून सुरूही झालेली नसते आणि छातीत धडधड सुरू.

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या टायटलमधला नकाशाही तसाच. कथा जिथे जाईल ती ठिकाणं त्यावर उभी राहायची, त्यामुळे तो भागागणिक बदलायचा. कथेतलं विंटरफेल हे ठिकाण जळल्यावर तिसऱ्या पर्वाच्या टायटलमध्ये त्याच्यातून धूर निघताना दिसतो. ज्यांनी बटण दाबलं त्यांना तो धूर दिसलाच नाही, आणि हेच लोक नंतर विचारतात, 'हे गाव नक्की कुठे आहे?'

आपल्याकडचं तर काय सांगायचं. 'मालगुडी डेज'मध्ये आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं आणि एल. वैद्यनाथन यांची ती गुणगुणती चाल. ती वजा केली तर त्या गावात शिरायचं कुठून? 'भारत एक खोज' सुरू व्हायचं ते ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताने, वनराज भाटियांच्या संगीतात. सृष्टीच्या आधी काय होतं या प्रश्नाने इतिहासाच्या मालिकेची सुरुवात करायची, केवढी हिंमत! आणि 'आभाळमाया'. मंगेश कुळकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल, देवकी पंडितांचा आवाज. त्या मालिकेतले प्रसंग धड न आठवणारी माणसंसुद्धा ते गाणं पहिल्या ओळीपासून म्हणतात. आज ती मालिका आली असती तर ते गाणं कोपऱ्यातल्या पेटीने गिळलं असतं, आणि कुणाच्या ओठांवर ते आलंच नसतं.

'रोज रोज तेच काय ऐकायचं?' हा प्रश्न माझ्या शेजारी बसून रिमोट हातात धरणारे हमखास विचारतात. अहो, रोज तेच ऐकायचं म्हणूनच ते आहे! दिवसभराचा कलकलाट डोक्यातून उतरायला आणि त्या दुसऱ्या जगात पाय ठेवायला तेवढा वेळ लागतो. एका शहरातल्या गुन्हेगारीवरच्या 'द वायर' या मालिकेने तर पाच पर्वं एकच गाणं ठेवलं आणि दर पर्वाला आवाज बदलला. ऐकणाऱ्याला त्या फरकातूनच कळतं की आता शहराचा वेगळा कोपरा उघडणार. उड्या मारणाऱ्याला काय कळणार, कपाळ!

एखाद्या दिग्दर्शकाला पाच सेकंदांत नाव दाखवून मोकळं व्हायचं असेल तर खुशाल व्हावं. 'लॉस्ट'मध्ये अंधारातून तरंगत येणारा एक शब्द होता, बस्स, आणि तो पुरेसा होता. तो निर्णय बनवणाऱ्यांचा. माझं भांडण आहे ते मधल्या ॲपवाल्या उपटसुंभांशी, ज्यांनी यातलं काहीच बनवलेलं नाही आणि तरी कात्री त्यांच्याच हातात.

शेवटाचीही तीच गत. सगळ्यात जड प्रसंग संपलेला असतो, श्रेयनामावली सुरू होते, आणि तिच्याखाली त्या भागासाठी मुद्दाम निवडलेलं संगीत. 'द सोप्रानोज'सारख्या मालिकेत तर शेवटचं गाणं भागाभागाला वेगळं. तेवढ्यात चित्र आक्रसून पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं, आवाज खाली जातो आणि भलत्याच कुठल्या तरी विनोदी कार्यक्रमाची जाहिरात किंचाळायला लागते. पडद्यावर माणूस मेलाय हो आत्ता! दोन मिनिटं तरी गप्प बसा! घाईघाईने रिमोट उचलावा तर 'श्रेयनामावली पाहा' हे बटण सापडेपर्यंत पाच, चार, तीन, आणि पुढचा भाग सुरू.

ज्यांना पळायचंय त्यांनी पळावं, त्यांचं बटण त्यांच्याकडे राहू दे. माझ्या खात्यात फक्त एक खूण करायची सोय द्या: टायटल पूर्ण, नावं पूर्ण, शेवट पूर्ण, आणि मध्ये कोणतीही पेटी नको. अक्षरांना रंग देण्यापेक्षा हे काही अवघड काम नाही. पैसे मी पूर्ण मालिकेचे भरते. पूर्ण मालिका दाखवा.