ओंटारियोनं कोळसा सोडला तेव्हा

कोराडीच्या कोळसा वीजकेंद्रात 660 मेगावॅटचे आणखी दोन संच हवेत की नकोत, यावरून नागपुरात वाद पेटला तेव्हापासून मामांचं आणि माझं फोनवर वाजतं. माझं घर कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, म्हणून त्यांचं म्हणणं ठरलेलं: "तुम्हाला काय बाबा, नायगारा आहे. आम्ही कोळसा नाही तर काय जाळायचं?"

नायगाऱ्याची वीज ओंटारियोतल्या गावांना 1910 पासून मिळू लागली, इथले राजकारणी अॅडम बेक यांनी ती सरकारी मालकीची ठेवली, हे खरं. पण नुसत्या धबधब्यावर या प्रांताचं भागलं नाही. 2003 मध्ये इथली जवळपास चौथाई वीज कोळशाची होती. टोरंटोवर उन्हाळ्यात धुरकं बसायचं, दमेकऱ्यांनी घराबाहेर पडू नये म्हणून इशारे निघायचे. डॉक्टरांच्या संघटनेनं हा विषय लावून धरला. सरकारनं करवून घेतलेल्या 2005 च्या अहवालानं आजारपण आणि पर्यावरणाचं नुकसान धरून कोळशाच्या विजेचा खर्च मांडला: वर्षाला 4.4 अब्ज डॉलर. स्वस्त वीज स्वस्त नव्हतीच.

कोळसा बंद करायची मुदत आधी 2007 होती. ती हुकली, पुढे ढकलली गेली. शेवटचं थंडर बेचं केंद्र 2014 मध्ये कोळसा जाळायचं थांबलं. ब्रूस अणुवीज केंद्रातल्या बंद अणुभट्ट्या पुन्हा सुरू झाल्या, गॅस आला, मागणी घटली, म्हणून ते जमलं. बिलं मात्र वाढली आणि 2018 च्या निवडणुकीत तो मोठा मुद्दा झाला. आज गॅसचा वापर पुन्हा वाढतोय, हेही मला खुपतं.

मामांचं एक मला पटतं. महाराष्ट्राची मागणी वाढतीच आहे, आणि ब्रूससारख्या भट्ट्या आपल्याकडे तयार नाहीत. उद्या सगळा कोळसा बंद करा, असं मी म्हणत नाही. पण नवा संच म्हणजे पुढची पंचवीस-तीस वर्षं बांधून घेणं. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या कृषी वाहिन्या उभ्या राहतायत, घाटघरला पाणी वर चढवून संध्याकाळसाठी वीज साठवणारा 250 मेगावॅटचा प्रकल्प आहे. आधी हे वाढवा ना.

आपल्याकडे केंद्र सरकारनं 2015 मध्ये कोळसा वीजकेंद्रांच्या गंधकाच्या धुरावर मर्यादा घातली, मुदतवाढी देत राहिलं आणि 2025 मध्ये बहुतेक वीजकेंद्रांना सूटच दिली. कोळसा जळतो विदर्भात, वीज जाते पुण्या-मुंबईलाही. मावशीच्या गावी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की वरून जुनं धोतर पसरतात, राख बसू नये म्हणून. नव्या संचांच्या युनिटच्या दरात त्या गावातल्या दवाखान्यांचा खर्च कुणी धरलाय का? तो धरून दर जाहीर करा, मग मामांशी पुढचं बोलेन.