खुलासा : कोबुर्गच्या नगरचिन्हावरील स्वस्तिक प्राचीन नाही

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील कोबुर्ग या लहान शहराच्या नगरचिन्हाचे एक चित्र सध्या फिरत असून, त्यातील तलवारीच्या मुठीवरचे स्वस्तिक शेकडो वर्षांचे आहे आणि 1945 मध्ये ते आकसाने पुसले गेले, असे सोबत लिहिलेले असते. चित्र खरे आहे, मात्र त्याखालचा मजकूर चुकीचा आहे. मीही तो खातरजमा न करता पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा माझ्यावर बंधनकारक आहे.

ते चिन्ह 1934 मध्ये नाझी राजवटीत आले. 1929 मध्येच या शहराच्या नगरपरिषदेत नाझी पक्षाला बहुमत मिळाले होते, हे लक्षात घेतले की तलवार आणि स्वस्तिक कोठून आले ते वेगळे सांगावे लागत नाही. त्यापूर्वीच्या चिन्हावर होते एका कृष्णवर्णीय पुरुषाचे मस्तक, म्हणजेच शहराचे रक्षक संत मॉरिस. परंपरेनुसार ते इजिप्तमधून आलेल्या रोमन सैन्यतुकडीचे नायक होते. माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमधील तेराव्या शतकातील मूर्तीतही ते कृष्णवर्णीयच आहेत आणि कोबुर्गचे मुख्य चर्च त्यांच्याच नावाचे आहे. वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या राजवटीला नेमके हेच मस्तक नको होते. 1945 मध्ये ते परत आले, म्हणजे जुने चिन्ह पुसले गेले नाही, उलट पूर्ववत झाले.

आपल्या दारातल्या रांगोळीतील स्वस्तिकाचा या चित्राशी संबंध जोडू नये. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही द्या.