हळदीच्या दुधाने शुगरची गोळी सुटत नाही हो!

परवा लालबागला आईकडे गेले तर शुगरच्या गोळ्यांची पट्टी चार दिवस जशीच्या तशी. का, तर मामाने घरच्या ग्रुपवर टाकलेलं फॉरवर्ड: "रोज रात्री कच्च्या दुधात मोठा चमचा हळद, मिरी आणि गूळ घालून प्या, 21 दिवसांत शुगरची गोळी सुटेल. दूध उकळलं की हळद मरते. मिरीने ताकद 2000 टक्के वाढते." खाली तीन नमस्कार.

आधी गोळीचं. शुगरवाल्या बाईला दुधात गूळ? कपभर दुधातच साधारण 12 ग्रॅम साखर असते, त्याची स्वतःची, वर गूळ म्हणजे पण साखरच की, रंग वेगळा म्हणून मशीन सोडून देत नाही. सकाळी उपाशीपोटी आईची शुगर मोजली, 212 आली, म्हणजे चांगलीच वाढलेली.

2000 टक्के हा आकडा मात्र हवेतला नाही, मान्य करावं लागतंय. 1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजवाल्यांनी निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, दिलं. नुसतं दिलं तर रक्तात जेमतेम सापडलं, सोबत 20 मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतला तिखटपणा, दिलं तर 2000 टक्के वाढलं. पण कर्क्युमिन म्हणजे हळद नव्हे ना! हळदीत ते 3 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 2 ग्रॅमसाठी 60-65 ग्रॅम हळद, मिसळणाच्या डब्यातले वीसेक चमचे तरी. मामाने पिऊन दाखवावं. आणि त्यांनी रक्तातलं कर्क्युमिन मोजलं, शुगर कुणाची उतरली ते बघितलंच नव्हतं.

उकळल्यावर हळद मरते म्हणे. मग आपण पिढ्यानपिढ्या कडकडीत तेलाच्या फोडणीत काय घालतोय, रांगोळी? तबेल्यातलं कच्चं दूध पिऊन टीबी, ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा ताप) ओढवून घ्यायचं ते वेगळंच. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हळदीचे चमचे वाढवू नका.

आईला दूध आवडतं तर पिऊ दे की, घसा बसला की मलाही बरं वाटतं. कपभर दूध, अर्धा छोटा चमचा हळद, दोन मिरे ठेचून, चिमूट सुंठ (ओलं आलं नको, दूध फाटतं), पाच मिनिटं मंद गॅसवर. गूळ नाही. आणि गोळी आधी माझ्यासमोर.

मामाला ग्रुपवर विचारलंय, आता परत करायच्या ब्लड टेस्टचे पैसे कोण देणार. निळी टिक आलीये.