तोरणमाळची लक्झरी

मे महिन्यात अमळनेरला पारा ४५ च्या आसपास घुटमळायला लागला, की कूलरसमोर बसलेल्या माणसाला तोरणमाळ आठवतं. सातपुड्यात हजार मीटरच्या वर वसलेलं थंड हवेचं ठिकाण, वर मोठा यशवंत तलाव, आणि धुळ्यापलीकडच्याच नंदुरबार जिल्ह्यात. कॉलनीत ते यंदा जिभाऊंना आठवलं. "लक्झरी करू, सगळे जाऊ," ते म्हणाले आणि वही माझ्या हातात दिली. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं.

आमच्याकडे सहलीला कोणी नाही म्हणत नाही. "आम्हना चार जण धरी ल्या," म्हणून माणूस पुढे सरकतो. ॲडव्हान्सचं नाव काढलं, की त्याच चार जणांपैकी एकाची परीक्षा निघते, एकाचे गुडघे निघतात आणि उरलेल्या दोघांना चुलत मेव्हण्याच्या हळदीला जायचं असतं. ४५ सीटच्या बससाठी वहीत ६१ नावं होती आणि पैसे सात जणांचे.

मग तारीख. मे महिन्यात लग्नं. जूनमध्ये पेरण्या. श्रावणात अर्ध्या बायकांचे उपास, भाद्रपदात पितर, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी. असं सरकत सरकत गारव्यासाठी निघालेला बेत डिसेंबरात जाऊन थांबला. आता तिकडे थंडी फार असते म्हणून स्वेटर, कानटोप्या आणि शेकोटीची चर्चा सुरू झाली. मी एकदा म्हणून पाहिलं, की डिसेंबरात अमळनेरही गारच असतं. कोणी लक्ष दिलं नाही.

डिसेंबर ठरल्यावर नानांच्या लक्षात आलं, की त्याच सुमाराला दत्तजयंती आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार. वाटेतच आहे! नानांनी आयुष्यात बैलसुद्धा घेतलेला नाही, पण घोड्याचे दात बघायची त्यांना फार हौस. सारंगखेडा घेतलं तर प्रकाशा का नको, असं काकूंनी विचारलं. तापी आणि गोमाईचा संगम, दक्षिण काशी. इतक्या जवळून जाऊन केदारेश्वराला हात न जोडता यायचं म्हणजे पापच. प्रकाशा शहाद्याहून नंदुरबारच्या अंगाला, म्हणजे आपल्या वाटेपासून बाजूला, हे मी नकाशा काढून दाखवलं. देवदर्शनात नकाशे आणू नयेत असं मला सांगण्यात आलं. वहिनींना दोंडाईच्यात उतरून वर्षाची मिरची घ्यायची होती. सगळं जोडून मी वेळापत्रक मांडलं, तेव्हा यशवंत तलावाच्या वाट्याला चाळीस मिनिटं आली, त्यात चहा धरून. "तलाव म्हणजे पाणीच ना," जिभाऊ म्हणाले, "कितीक वेळ पाहशीन?"

जेवणाचं लांबवत नाही. डिसेंबर म्हणजे भरीत, त्यावर एकमत होतं. पण वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजायची, गॅसवरचं भरीत दवाखान्यात देतात, असं आबांचं म्हणणं. म्हणून डिक्कीत वांगी, काड्या, भाकरीसाठी कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, तवा, तेलाचा डबा. सामान कुठे ठेवायचं विचारलं तर उत्तर आलं, मांडीवर.

खरी ठिणगी भाड्यावरून पडली. लक्झरीवाल्याचं भाडं सीटवर वाटलं आणि आकडा जाहीर केला. मावशी उसळल्या. "एसटीत मला अर्धं तिकीट लागतं, इथे पूर्ण का?" त्यांचं चुकत नव्हतं, २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मंच भाडं पडतं. मी समजावलं, की ही खासगी गाडी, सवलत सरकार देतं. तेवढ्यात आबांनी आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यांची पंचाहत्तरी उलटलेली. २०२२ पासून या वयाला लाल परी फुकट. आबा या सवलतीच्या जोरावर काम नसतानाही धुळ्याला जाऊन चहा पिऊन येतात. "माले खिडकी जोयजे आनि पैसा देवाव नही," त्यांनी एका वाक्यात विषय संपवला.

तरी मी नेट धरून होतो. शेवटी ड्रायव्हरनेच घाव घातला. गाडी बघायला गेलो तर त्याने विचारलं, "सातपायरीच्या घाटात ही लांबडी वळवायची कशी, साहेब? मी शहाद्यापर्यंत सोडतो. वर तुमचं तुम्ही बघा."

रात्री बैठक बसली. शहाद्याहून वर एसटी जातेच, तिने जाऊ, असं ठरलं. मग थोडी शांतता झाली आणि त्या शांततेत मावशींचं गणित पूर्ण झालं. "वरती एसटीच, तर अमळनेरपासूनच एसटी का नको?"

टाळ्या पडल्या. बायकांना निम्मं, पासष्टीपुढच्यांना निम्मं वा फुकट. पूर्ण तिकीट काढणारे आम्ही मोजके पुरुष, आणि आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. लक्झरीवाल्याकडे अडकलेला ॲडव्हान्स कसा सोडवायचा, हा विषय एकमताने पुढच्या बैठकीवर ढकलला. प्रश्न एकच उरला, शहाद्याला तोरणमाळच्या गाडीत जागा मिळायची कशी. आबा म्हणाले, सोपं आहे, एकाने आदल्या दिवशीच जाऊन स्टँडवर झोपायचं आणि गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचे. चव्वेचाळीस रुमाल.

वहीवर एव्हाना कोणीतरी माझं नाव लिहिलेलं होतं. अक्षर चांगलं नव्हतं.